चौथा तास

'विमान पहाटे साडेचारचे आहे. किती वाजता पोचायचे?'

हा प्रश्न आमच्या कोकणातल्या घरांत वर्षातून चार-सहा वेळा तरी निघतोच. मस्कत, दुबई, कुवेत, दोहा, जेद्दाह. घरातले कोणी ना कोणी निघालेले असते, नाहीतर येणार असते. उत्तर तिकिटावर छापलेले असते : तीन तास आधी. पण छापलेले उत्तर आमच्यात कोणालाच पटत नाही. थोरले चाचा म्हणतात, चार तास. जमातीचे सेक्रेटरी म्हणतात, पाच. ज्यांचा मुलगा एकदा इमिग्रेशनच्या खिडकीवर अडकून पडला होता ते म्हणतात, इशाची नमाज तिथेच जाऊन पढा. शेवटी तडजोड होते. तीन तास साऱ्या जगाचे आणि वरचा एक आपला. तो एक कशासाठी, हे कोणी उच्चारत नाही आणि कोणी विचारतही नाही. तो आपल्या नावाचा तास असतो.

आम्हाला या चौथ्या तासाविरुद्ध लिहायचे आहे. सरकारविरुद्ध आणि विमान कंपन्यांविरुद्ध लिहायचे ते लिहूच. पण हा तास कोणी हुकूम काढून आपल्यावर लादलेला नाही. कोणत्याही परिपत्रकात तो सापडणार नाही. तो आपणच आपल्या घड्याळात घातला आहे आणि पासपोर्टाबरोबर मुलांच्या हाती देत आहोत. म्हणून भांडण आधी घरात.

पहिल्या तीन तासांबद्दल आमची तक्रार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले आणि ३२९ माणसे गेली. बॉम्ब सामानातून चढला होता, आणि ज्याच्या नावावर ते सामान होते तो माणूस विमानात चढलाच नव्हता. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान पळवून कंदाहारला नेले, आणि पुढच्या वर्षापासून आपले विमानतळ एकामागून एक सीआयएसएफच्या ताब्यात जाऊ लागले. डिसेंबर २००१ मध्ये एक इसम बुटात स्फोटके लपवून पॅरिसहून मायामीच्या विमानात बसला. तेव्हापासून जगाला बूट काढायची सवय लागली. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला बाटल्यांतून द्रव स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आला. त्यातून शंभर मिलिलिटरचा नियम निघाला. रांगेतल्या प्रत्येक मिनिटामागे कोणाचे तरी मरण किंवा कोणाचे तरी थोडक्यात वाचणे आहे. त्या विमानांत आपणही बसतो, आपली मुलेबाळे बसतात. बॉम्बला कलमा येत नाही की गायत्री मंत्र येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकावर जी माणसे मेली त्यांत गावाकडे निघालेली मुसलमान कुटुंबेही होती. तपासणी हा अपमान आहे असे जे आपल्यातले काही जण उठता-बसता म्हणतात, ते आम्हाला मान्य नाही. अंगावरून यंत्र फिरवणारा जवान आपले काम करतो आहे. त्याला सलाम करावा आणि पुढे जावे.

मे २०२५ ची गोष्ट घ्या. पहलगामला २२ एप्रिलला निरपराध पर्यटकांना मारले, ७ मेला भारताने 'ऑपरेशन सिंदूर' सुरू केले आणि उत्तर व पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद राहिले. जे चालू होते तिथे नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने कडक बंदोबस्त लावला. विमानात चढण्याआधी शिडीपाशी पुन्हा एकदा झडती. पोचवायला आलेल्यांना आत प्रवेश बंद. कंपन्यांनी प्रवाशांना कळवले की तीन तास आधी या, उड्डाणाच्या ७५ मिनिटे आधी काउंटर बंद होईल. हे सगळ्यांना सारखे होते. त्या आठवड्यात पुण्याचा जोशी आणि नागपूरचा अग्रवालही आपल्यासारखाच घड्याळाकडे बघत टॅक्सीत बसला होता. अशा वेळी आपल्याला वाटायला हवे होते की चला, एकदाची बरोबरी झाली. पण झाले काय? आमच्या मोहल्ल्यात तीनाचे पाच झाले. महागाई भत्त्यासारखे आहे हे. मूळ पगार वाढला की टक्क्याने भत्ताही वाढतो. देशावर संकट आले की बाकीच्यांची चिंता वाढते आणि आपली चिंता अधिक आपली लाज वाढते. ज्या कृत्यात आपला हात नाही त्याची लाज आपण का वाहायची, हा प्रश्न त्या आठवड्यात कोणी कोणाला विचारला नाही. सगळे गाडीवाल्याला फोन करण्यात गुंतले होते.

कोकणातल्या माणसाच्या बाबतीत हा चौथा तास म्हणजे नुसता एक तास नसतो. चिपळूणहून मुंबई सुमारे अडीचशे किलोमीटर. २०११ साली सुरू झालेले मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण एका तपाहून अधिक काळ कसे रखडले ते आम्ही इथे सांगत बसत नाही. वाचकांपैकी निम्म्यांच्या कमरेला ते ठाऊक आहे. पनवेलपर्यंत किती वेळ लागेल हे गाडीवाला सांगू शकत नाही, म्हणून दोन तास रस्त्याचे धरायचे. वडखळच्या ट्रॅफिकचा एक. मग तीन तिकिटावरचे. मग आपला एक. पहाटे साडेचारच्या विमानासाठी माणूस आदल्या दिवशी दुपारचे जेवण अर्धे टाकून उठतो. (नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आणि डिसेंबरअखेर तिथून विमाने उडू लागली. आपल्या लोकांना खाडीपलीकडचा रस्ता वाचेल खरा. पण पैज लावून सांगतो, चौथा तास सामानाबरोबर तिथेही जाईल.)

आणि एवढे करून तो तास उपयोगी तरी पडतो का?

आमच्या बहिणीचा मुलगा आखातात एसी मेकॅनिक आहे. नाव असे की हाक मारली तर एका मोहल्ल्यात चौघे ओ देतील. काही वर्षांपूर्वी सुट्टी संपवून परत निघाला. विमान पहाटे साडेचारचेच. घरच्यांच्या आग्रहाने तो रात्री साडेनऊलाच विमानतळाच्या दारात हजर. सात तास आधी! दारावरच्या जवानाने तिकीट पाहिले आणि सांगितले, अजून पुष्कळ वेळ आहे, बाहेर बसा. बाहेर म्हणजे खांबाशी, ट्रॉलीवर. कंपनीचे काउंटर दीडला उघडले, कारण काउंटर तीन तास आधीच उघडते. तुम्ही सात तास आधी या की सत्तर. बोर्डिंग पास हातात पडेपर्यंत सव्वादोन. तो इमिग्रेशनच्या खिडकीवर पोचला तेव्हा पावणेतीन झाले होते. साहेबांनी नाव टंकले, पडद्याकडे पाहिले, पुन्हा टंकले आणि त्याला बाजूच्या खुर्चीवर बसायला सांगितले. कोणी वाईट बोलले नाही, हात लावला नाही. बापाचे नाव विचारले, आजोबांचे विचारले, गाव विचारले, परत बापाचे विचारले. सव्वाचार वाजता म्हणाले, जा, ते दुसरे कोणी होते. तोवर गेट बंद होऊन, त्याची बॅग विमानातून उतरवून झाली होती.

हिशेब करा. त्या रात्री त्याच्याजवळ चार तास फालतू होते. ते सगळे खांबाशी गेले. त्याला हवे होते ते काउंटर आणि गेट यांच्या मधले दीड तास, आणि ते कितीही लवकर निघून मिळत नाहीत. बाहेरचा वेळ आत नेता येत नाही. नाव जुळल्यामुळे जो उशीर होतो त्याला घड्याळाचे औषध लागू पडत नाही.

नवे तिकीट त्याला जवळजवळ महिन्याच्या पगाराला पडले. घरी आला तेव्हा ओटीवर माणसे जमली होती आणि सगळ्यांचे एकच : शुक्र करा, सोडले तरी. आम्ही म्हटले, अर्ज लिहू. त्यावर भाचाच म्हणाला, 'मामू, राहू द्या. उद्या पुन्हा तिथूनच जायचंय.' या वाक्यात आपल्या समाजाची पन्नास वर्षे आहेत. राहू द्या. उद्या पुन्हा तिथूनच जायचे आहे. राशनच्या दुकानात तेच, तलाठ्याकडे तेच, पोलीस ठाण्यात तेच. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये आपल्या अहवालात नोंदवले होते की या देशातल्या मुसलमानाला देशविरोधी आणि लाडावलेला, असे दोन शिक्के एकाच वेळी वाहावे लागतात. समितीने शिक्क्यांचे बरोबर लिहिले. शिक्का पुसायला माणूस स्वतः काय काय करतो, याचा मात्र वेगळा अहवाल व्हायला हवा. दाढी थोडी उतरवतो. टोपी बॅगेत ठेवतो. रांगेत घरच्यांशी फोनवर बोलताना 'अस्सलामु अलैकुम' ऐवजी 'हॅलो' म्हणतो. आणि एक तास आधी जातो.

ज्यांना वाटते की लवकर जाऊन, गप्प राहून, नजर खाली ठेवून निभावते, त्यांनी २३ ऑगस्ट २००६ चे आम्स्टरडॅमचे प्रकरण आठवावे. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे मुंबईला निघालेले विमान अर्ध्या वाटेतून परत फिरवले, डच हवाई दलाची एफ-१६ विमाने दोन्ही अंगांना. कारण? काही प्रवासी जागा बदलत होते, मोबाइल हाताळत होते. बारा भारतीय उतरवून ताब्यात घेतले. दुसऱ्या दिवशी काहीच निघाले नाही म्हणून सोडून दिले. ते काही उशिरा पोचलेले नव्हते. त्यांनी सगळ्या रांगा पार केल्या होत्या, सगळ्या यंत्रांतून गेले होते, पट्टे बांधून बसले होते. विमान आकाशात गेल्यावर त्यांचा चौथा तास सुरू झाला. शाहरुख खानला ऑगस्ट २००९ मध्ये नेवार्कला तासाहून अधिक बसवून ठेवले, तेव्हा त्याच्याकडे वेळेची चणचण होती असे कोणी म्हणणार नाही.

बेंगळुरूच्या डॉक्टर मोहम्मद हनीफ यांचे तर याहून वाईट. ऑस्ट्रेलियातल्या इस्पितळात नोकरी. बायको माहेरी बाळंत झालेली, मुलीचे तोंड पाहायचे म्हणून २ जुलै २००७ ला ते ब्रिस्बेन विमानतळावर आले. हातात एकेरी तिकीट. दोनच दिवसांपूर्वी ग्लासगोच्या विमानतळावर जळती जीप घुसवली होती, आणि त्या कटातल्यांचे हनीफ हे नात्याने भाऊ. वर्षभरापूर्वी इंग्लंड सोडताना त्यांनी आपले सिमकार्ड भावाला दिले होते. ते कार्ड जळत्या जीपमध्ये सापडले असे सांगितले गेले. प्रत्यक्षात ते लिव्हरपूलला होते. बारा दिवस आरोपाविना कोठडी, मग आरोप, मग व्हिसा रद्द. पण हनीफ यांनी 'राहू द्या' म्हटले नाही. वकील धरले, कोर्टात गेले. २७ जुलैला आरोप मागे घेतले गेले, ऑगस्टमध्ये कोर्टाने व्हिसा रद्द करण्याचा निर्णय फिरवला, २००८ च्या चौकशीने ते निर्दोष असल्याचे स्वच्छ लिहिले आणि डिसेंबर २०१० मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने भरपाई दिली. तीन वर्षे गेली. पण तीन वर्षांनी हातात कागद आला. आपले लोक तीस वर्षे लवकर जात आहेत, त्यांच्या हातात काय आले?

यावर कोणी कलाम साहेबांचे उदाहरण तोंडावर फेकतो. एप्रिल २००९ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सच्या माणसांनी माजी राष्ट्रपतींची झडती घेतली, ते एक शब्द बोलले नाहीत. २०११ मध्ये न्यूयॉर्कला विमानात बसल्यावर त्यांचा कोट आणि बूट तपासायला नेले, तेव्हाही नाही. बघा, केवढा सब्र! सब्राची थोरवी आम्हाला कोणी शिकवू नये. पण गोष्टीचा उरलेला भाग सांगायला लोक विसरतात. कलाम साहेब बोलले नाहीत, कारण त्यांच्या वतीने बोलायला भारत सरकार होते. माजी राष्ट्रपतींची झडती घ्यायची नाही असा लेखी नियम होता. तो मोडला म्हणून कंपनीला जाब विचारला गेला, संसदेत आवाज उठला आणि कंपनीला माफी मागावी लागली. दुसऱ्या वेळी अमेरिकेने माफी मागितली. खेडच्या हाजीसाहेबांच्या वतीने संसदेत कोण उठणार आहे? ज्याच्यामागे बोलणारा कोणी नाही त्याने स्वतःच बोलले पाहिजे. त्याचे गप्प बसणे हा सब्र नाही, ती सोय आहे. आणि ती त्याची नव्हे, समोरच्याची सोय आहे.

एक गोष्ट मात्र न्यायाने लिहायला हवी. विमानतळावर अडवला जाणारा प्रत्येक माणूस मुसलमान म्हणूनच अडवला जातो, हेही खरे नाही. पत्रकार राणा अय्यूब यांना २९ मार्च २०२२ रोजी मुंबईहून लंडनला जाताना इमिग्रेशनवर थांबवले. त्यांच्या नावाचे लुकआउट सर्क्युलर निघालेले त्यांना तिथे खिडकीवर कळले. आठवड्याभरात, ६ एप्रिलला, बेंगळुरूला आकार पटेल यांना तसेच थांबवले. ते मुसलमान नाहीत. दोघेही कोर्टात गेले. अय्यूब यांना ४ एप्रिललाच दिल्ली उच्च न्यायालयाने प्रवासाची परवानगी दिली होती. म्हणजे खिडकीमागच्या पडद्यावर काय लिहिले आहे ते माणसाला आधी कळत नाही, हे दुखणे सगळ्या नागरिकांचे आहे. आपण ते फक्त आपले म्हणून घरात दडवून ठेवले, तर बरोबर उभे राहू शकणारे लोकही बाहेरच राहतात.

आता जरा आपल्या सामानाकडे वळू. हा भाग वाचून काहींना राग येईल, यावा.

उशीर होतो त्यातला अर्धा आपल्या खोक्यांमुळे होतो. आखाताला निघालेल्या माणसाबरोबर गावाने पाठवलेले सामान पाहिले तर वाटते, तो जहाजाने चालला आहे. कोणाच्या सुनेसाठी मसाला, कोणाच्या जावयासाठी लोणचे, कोणाच्या रूममेटसाठी बांधून शिवलेले पुडके, ज्यात काय आहे ते नेणाऱ्याला ठाऊक नाही. घरच्या मसाल्यात खसखस असते. अमिरातीत खसखस म्हणजे अमली पदार्थांचा गुन्हा, माणसे तुरुंगात गेली आहेत. सुके खोबरे आपण प्रेमाने पाठवतो. विमानवाहतुकीच्या नियमात ते आपोआप पेटू शकणाऱ्या मालात धरतात. हे काउंटरवर बाहेर निघते, मग खोके तिथेच जमिनीवर उघडले जाते, मागच्या रांगेतून सुस्कारे येतात, आणि मामू घरी फोन करून सांगतात की आपल्याला बघून मुद्दाम उघडले. नाही, मामू. खोबरे बघून उघडले.

तीच गत नावांची. शाळेच्या दाखल्यावर 'महंमद', आधारवर 'मोहम्मद', पासपोर्टावर नुसते दोन-चार अक्षरांचे संक्षिप्त रूप, आणि तिकीट काढणाऱ्या एजंटाने स्वतःच्या मर्जीने पाचवेच काही टंकलेले. आडनावाचा रकाना रिकामा. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीने भेटीच्या व्हिसावर पासपोर्टात एकच नाव असलेल्या प्रवाशांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या ओळखीचे कितीतरी लोक धावपळ करत पासपोर्ट कार्यालयात गेले. बापाचे नाव पूर्ण, आडनाव जागच्या जागी, सगळ्या कागदांवर एकच स्पेलिंग. एवढे असले तर नाव जुळण्याची शक्यता कितीतरी कमी होते, आणि जुळले तर पाच मिनिटांत सुटते. हे काम घरी बसून, दिवसाउजेडी करायचे आहे. रात्री खांबाशी बसून ते होत नाही. चौथा तास घालवायचाच असेल तर इथे घालवावा.

बायकांच्या रांगेबद्दल आपण कधी एक अक्षर लिहिले आहे का? आपल्याकडे बायकांची झडती पडद्याआड, बाईच घेते. ही चांगली व्यवस्था आहे. बुरख्यातल्या आमच्या आया-बहिणींना तिचा मोठा दिलासा आहे. पण पडदे थोडे आणि तपासणाऱ्या बायका त्याहून थोड्या, म्हणून ती रांग पुरुषांच्या रांगेच्या दुप्पट वेळ घेते. यावर आपला उपाय काय, तर खालाला आणखी लवकर न्या. आणखी दोन पडदे लावा, आणखी चार बायका नेमा, असे लेखी मागायचे कोणाला सुचले नाही. तसे मागितले असते तर त्या रांगेतल्या साडी नेसलेल्या बायकांनीही सही केली असती.

मागितल्याने काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. देशांतर्गत विमानात शीख बांधवांना कृपाण नेता येते. पाते सहा इंचांपर्यंत, एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत, असे नियमात मोजून लिहिले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना पूजेचा नारळ हातातल्या सामानात नेण्याची सवलत २० जानेवारी २०२५ पर्यंत मिळाली. तपासून मिळाली, पण मिळाली. आम्हाला दोन्हींचा आनंद आहे. आणि तिसरी आपली. जुलै २०१९ मध्ये एअर इंडियाने जेद्दाहहून येणाऱ्या काही विमानांत जमजमचे डबे आणायला मनाई केली. तेव्हा मात्र आपले लोक ओरडले. काही दिवसांतच कंपनीने मनाई मागे घेतली आणि दिलगिरी व्यक्त केली. सुरक्षेचे आभाळ कोसळले नाही. जमजमसाठी आपण ओरडू शकलो. स्वतःच्या मुलाच्या चुकलेल्या विमानासाठी ओरडायला आपली जीभ जड का होते?

इमिग्रेशनच्या रांगेतून लवकर सुटण्यासाठी सरकारने जून २०२४ मध्ये दिल्लीला आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी विमानतळांवर एक योजना सुरू केली. आधी अर्ज करायचा, तपासणी करून घ्यायची, बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायचा. मग विमानतळावर यंत्राच्या फाटकातून सरळ आत. योजनेच्या नावात 'ट्रस्टेड ट्रॅव्हलर' असे शब्द आहेत. म्हणजे भरवशाचा प्रवासी. हे नाव आम्हाला खटकते. नागरिकाने आपण भरवशाचे आहोत याचा अर्ज करायचा, ही कल्पनाच उलटी आहे. तरीही आमचे म्हणणे, आपल्या तरुणांनी हा अर्ज जरूर करावा. मिळाला तर रांग वाचेल. नाकारला तर नाकारल्याचे उत्तर हातात येईल आणि त्यावर पुढे विचारता येईल. खुर्चीवर बसवून ठेवणाऱ्याच्या मनात काय होते ते विचारायला आजवर आपल्याकडे कागदच नव्हता.

भाच्याचा अर्ज आम्ही त्याच्या नकळत लिहिला. तारीख, वार, खिडकीवर पोचल्याची वेळ, सोडल्याची वेळ, बोर्डिंग पासची झेरॉक्स, नव्या तिकिटाची पावती. शिवी नाही, रडगाणे नाही, जातधर्माचा उल्लेखही नाही. रजिस्टर पोस्टाने पाठवला, दीड महिन्याने स्मरणपत्र, मग आणखी एक. चौथ्या महिन्यात दोन ओळींचे उत्तर आले : नावसाधर्म्यामुळे पडताळणी करावी लागली, आपल्याविरुद्ध काही नोंद नाही. पैसे मिळाले नाहीत, दिलगिरीही नाही. पण त्या दोन ओळी भाचा पासपोर्टाच्या पाकिटात घेऊन फिरतो. पुढच्या खेपेला त्याला पुन्हा बाजूच्या खुर्चीवर बसवले. त्याने कागद पुढे केला. वीस मिनिटांत सुटला आणि विमान मिळाले. वीस मिनिटे तरी का, हा पुढचा अर्ज. तो त्याने स्वतः लिहिला आहे.

पुढच्या आठवड्यात आमच्या खालाची सून दोन मुलांना घेऊन मस्कतला निघाली आहे. विमान पहाटेचे. नावांची स्पेलिंगे तपासून झाली, खोबरे काढून ठेवले, मसाला खसखस न घालता कुटला, परक्या पुडक्यांना नाही म्हटले. त्यावरून दोन घरांशी बोलणे बंद आहे. रस्त्याचा वेळ धरून बरोबर तीन तास आधी पोचेल असे आम्ही गाडीवाल्याला सांगितले. काल रात्री खालाने त्याला परस्पर फोन करून एक तास अलीकडे घेतला. आज सकाळी आम्ही तो परत पलीकडे नेला. गाडीवाला म्हणतो, तुमचे एकदा घरात ठरवा आणि मग मला कळवा.